रविवारच्या सुट्टीबाबत प्रेमलाताईंना

सहकारनगर, पुणे ९
मंगळवार, ९ जानेवारी २००७

प्रिय प्रेमलाताई,

सविनय जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून आपण हे पत्र न फोडताच बाजूला ठेवलं नसेल, असं धरून लिहितो. (ठेवलं असल्यास कागद वाया गेला, पण आजवर माझे इतके कागद वाया गेलेत की आणखी एकाने काही बिघडत नाही.) कचरूभाऊंचा गुडघा कसा आहे? परवा भांडी घासता घासता मुक्ताई सांगत होत्या की आता ते काठीशिवाय पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात. चेतन हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत लागला, हेही त्यांच्याकडूनच कळलं. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या आमच्या कोपऱ्यावरून जातात, त्यांत तो दिसतो का म्हणून मी उगाच पाहतो, पण काचा काळ्या असतात. या काळ्या काचांवरून नव्या अर्थव्यवस्थेबद्दल एक वाक्य मला सुचलं होतं. आपण माझ्या असल्या वाक्यांना 'सरांचं सुरू झालं' म्हणायचात ते आठवलं आणि सोडून दिलं.

आमच्याकडे सगळं ठीक. उल्का अजून शाळेत शिकवते आणि तिची पाठही दुखते आहे. मला रक्तदाब आहे, आणि नोकरी आहे. होय, नोकरी. एक्कावन्नाव्या वर्षी, बाणेरला, चौथ्या मजल्यावर, गार हवेत. 'नवसंवाद' नावाची संस्था आहे. पुरोगामी प्रश्नांवर मोहिमा चालवते, म्हणजे आपण घरकामगार मंचात मोर्चे, पत्रकं आणि रस्त्यावरच्या सभा करून जे करायचो तेच, पण खुर्च्यांना चाकं आहेत. माझं पद 'कॅम्पेन लीड'. संचालक स्वराली, वय वर्षं एकोणतीस, हुशार मुलगी, मनाने चांगली. पहिल्याच दिवशी म्हणाली की 'यज्ञेश्वर' फार लांब होतं, आम्ही तुम्हाला 'यॅग्ज' म्हणू. आई-वडिलांनी नवस बोलून ठेवलेलं नाव बाणेरच्या लिफ्टमध्ये गळून पडलं आणि मी हसून मान डोलावली. (तत्त्वासाठी दोनदा येरवड्याला जाऊन आलेला माणूस मी. पण तिथे निदान पूर्ण नावाने हजेरी घेत.)

मुलाखतीत तिने विचारलं की तुमच्या करिअरमधलं सर्वांत मोठं अपयश कुठलं? ताई, आपल्या कामाला करिअर म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मी सांगितलं, सत्त्याण्णवची महापालिका निवडणूक, तीनशे बारा मतं. तिने कागदावर 'प्रामाणिक' असं लिहिलं, मला उलटं वाचता येतं. घरी येताना बसमध्ये उभ्या उभ्या लक्षात आलं की मी खोटं बोललो होतो. तीनशे बारा मतं हे अपयश नव्हतंच. अपयश त्याच्या दोन महिने आधीचं होतं, बालवाडीच्या खोलीतलं.

ती बैठक आपल्याला आठवत असेलच, तरी लिहितो, कारण माझ्या हाताने ती कधी खरी लिहिली गेली नाही. ऐंशी बायका बसल्या होत्या. उमेदवार कोण, असं विचारल्यावर मागून, पुढून, दारातून एकच नाव आलं, प्रेमलाताई. मी मंचाचा सचिव. हातात इतिवृत्ताची वही आणि पेन. ते नाव लिहायचं सोडून मी उठलो आणि वीस मिनिटं बोललो. व्यापक राजकारण, पहिल्याच लढतीचं महत्त्व, इंग्रजी वर्तमानपत्रांशी बोलू शकेल असा चेहरा, असं बरंच काही. त्या खोलीत इंग्रजी वर्तमानपत्रांशी बोलू शकणारा माणूस एकच होता आणि तो उभा राहून बोलत होता, हे ऐंशीच्या ऐंशी जणींना कळलं. मला मात्र मी तत्त्वाबद्दल बोलतोय असंच वाटत होतं. शेवटी आपण म्हणालात, "सर म्हणतात तर सरच उभे राहू द्या." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी वहीत लिहिलं : 'एकमताने यज्ञेश्वर.'

मग मी हरलो. हरल्यावर मी अहवाल लिहिला (मला हरता येवो न येवो, अहवाल उत्तम लिहिता येतो). त्यात पराभवाच्या कारणांत पहिलं कारण घातलं 'महिलांचा अपुरा सहभाग'. आपण तो बालवाडीच्या पायरीवर बसून वाचलात, चार घड्या घातल्यात आणि माझ्या हातात परत दिलात. "सर, आम्ही सहभागी होतो. मतदार यादीत आमची नावंच नव्हती. ती बघायचं काम प्रचारप्रमुखाचं असतं." प्रचारप्रमुखही मीच होतो. त्यानंतर आपण मंचाच्या कार्यालयात आला नाहीत. मी वर्षभर लोकांना सांगत राहिलो की प्रेमलाताईंना वैचारिक मतभेद झाले. कसले वैचारिक, यादी तपासली नव्हती!

असो. तर 'नवसंवाद'मध्ये मला पहिली मोहीम दिली ती घरकामगारांना आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळावी म्हणून. मला भरून आलं, अगदी माझ्या घरचा विषय. (हा शब्द पुढे महागात पडला.) आपल्या काळात एका मोर्च्याला दोनशे बायका जमवायला तीन आठवडे वस्त्या पालथ्या घालाव्या लागत. इथे स्वरालीने मंगळवारी ईमेल सोडलं आणि शुक्रवारी अकरा हजार सह्या! एकाही सहीला अंगठा नाही, एकाही सहीवर चहाचा डाग नाही. हिंजवडीच्या एका कंपनीत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी भाषण केलं, तिथल्या शंभरेक अभियंत्यांनी राजमा-चावल खात खात मला पाठिंबा दिला. एकाने तळमळीने विचारलं, "सर, हे तिला आम्ही सांगायचं की ती आम्हाला सांगणार?" मी म्हणालो, चांगला प्रश्न आहे. चांगला प्रश्न आहे असं मी उत्तर येत नसलं की म्हणतो.

मोहिमेचा मोठा कार्यक्रम ठरला रविवारी, १७ डिसेंबरला, सकाळी दहा वाजता. रविवार का, तर सह्या करणाऱ्यांना रविवारी सुट्टी असते. पहिल्या रांगेतल्या चाळीस खुर्च्या घरकामगार भगिनींसाठी राखून ठेवल्या, प्रत्येकीवर 'सन्माननीय' अशी चिठ्ठी. प्रोजेक्टरची वायर ऐन वेळी आखूड निघाली म्हणून शनिवारी बुधवार पेठेत चार दुकानं हिंडून मी लांब वायर आणली. इतकं सगळं पाहिलं. ज्या बायकांना सुट्टी नाही म्हणून मोहीम, त्या रविवारी सकाळी दहाला असतील कुठे, हे मात्र अठरा जणांच्या तीन बैठकांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. अठरांतले सतरा जण लहान आहेत, त्यांना मी दोष देत नाही.

त्या रविवारी सकाळी साडेसातला मी इस्त्रीचा झब्बा घालून आरशासमोर भाषणाचा सराव करत होतो. 'आठवड्यातला एक दिवस तिचा, फक्त तिचा', असं वाक्य होतं, ते मी तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणताना स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मुक्ताई ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, हे कुणासाठी लिहिलंय?"

"तुमच्यासाठीच की, मुक्ताई."

"मग आज मी यायचं नव्हतं का?"

मी चांगला प्रश्न आहे असं म्हणालो नाही, एवढंच काय ते. मग त्यांनीच सांगितलं, अगदी सहज, दूध नासलंय असं सांगावं तसं. म्हणाल्या, आख्ख्या सोसायटीत आम्ही बायकांनी रविवार बंद केलाय, गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून. प्रेमलाताईंनी घरोघर जाऊन बोलून घेतलं. तुमच्या एकट्यांकडं तेवढी येते.

(दर रविवारी समोरच्या जोशीवहिनी गॅलरीत स्वतः भांडी घासताना दिसत. मला वाटायचं यांच्याकडे बाई टिकत नाही. उल्काला मी एकदा म्हणालोही होतो की स्वभाव नडतो.)

मी विचारलं, मग आमच्याकडे का येता?

"ताई म्हणल्या, सरांकडं जाऊन बोलायला नको. ते आपल्यातले हायेत. आपणहून देतील, थांबा जरा." मुक्ताईंनी नळ पुन्हा सुरू केला. "चौदावा महिना चाललाय."

ताई, मला पोलिसांनी मारलं आहे, वर्तमानपत्रांनी झोडलं आहे, तीनशे बारा मतं पडली आहेत. पण त्या नळाच्या आवाजासमोर जसा उभा राहिलो तसा आयुष्यात कुठेच राहिलो नव्हतो. मुक्ताईंना म्हटलं, ठेवा ती भांडी, घरी जा. त्या म्हणाल्या, आता अर्धी झालीत, पुरी करूनच जाते, तुम्हाला उशीर होतोय. आणि मी गेलो! इस्त्रीच्या झब्ब्यात, रिक्षाने, त्यांनी घासलेल्या पेल्यातला चहा पिऊन.

सभागृहात पहिल्या रांगेत चाळीस चिठ्ठ्या बसल्या होत्या, त्यांच्यामागे दीडशे सुशिक्षित माणसं. एक बाई कुजबुजत्या आवाजात फोनवर बोलत होत्या, 'अगं किल्ली शेजारी आहे, पोळ्या करून ठेव, मी त्या तुमच्याच कार्यक्रमाला आलेय.' माझी पाळी आली. भाषणाचा कागद खिशातून काढलाच नाही. म्हणालो, माझ्या घरी मुक्ताई काम करतात, आज रविवारी सकाळीही करत होत्या, चौदा महिने त्या मी आपणहून सुट्टी देण्याची वाट पाहत होत्या आणि मला पत्ता नव्हता. आणि मग टाळ्या, जोरात! लोकांना वाटलं ही भाषणाची शैली आहे. स्वराली डोळे पुसत म्हणाली, "यॅग्ज, काय ओपनिंग होतं! हे आपण प्रत्येक शहरात करू." ताई, माझा कबुलीजबाब त्या दिवशी माझ्या आयुष्यातलं सर्वांत यशस्वी भाषण ठरला. याहून मोठी शिक्षा कुठल्या कोर्टाला सुचली नसती.

दुसऱ्या दिवशी मी आपल्याकडे यायला निघालो. आलोही होतो, आपल्याला ठाऊक नाही. बालवाडीच्या खिडकीतून दिसलात. जमिनीवर मतदार याद्या पसरलेल्या, पाच-सहा जणी वाकून पट्टी लावून एकेक नाव तपासत होत्या, आणि आपण चष्मा कपाळावर सरकवून काहीतरी सांगून हसत होतात. दहा वर्षांनी आपल्याला हसताना पाहिलं. माझा पाय उंबऱ्याकडे वळेना. तेवढ्यात एका आजींनी विचारलं, कोण पाहिजे? माझ्या तोंडून निघालं, "रॉकेलचं दुकान कुठे आहे?" आजी भल्या. त्यांनी मला हाताला धरून दुकानापर्यंत नेलं आणि रांगेत उभं केलं. पाऊण तास उभा होतो. नंबर आल्यावर दुकानदाराने विचारलं, कॅन कुठंय? कार्ड कुठंय? मी म्हणालो, विसरलो. तो मागच्यांना म्हणाला, शिकलेली दिसतात.

त्यानंतरचे तीन रविवार मुक्ताईंना सुट्टी आहे. याबद्दल कौतुक नको, कळवतो एवढंच. भांडी मी घासतो. 'नवसंवाद'चा राजीनामा मी दिला आहे. आपण महापालिकेसाठी अर्ज भरल्याचं मुक्ताईंकडून कळलं, त्याबद्दल मनापासून शुभेच्छा. त्या सत्त्याण्णवलाच द्यायच्या होत्या. प्रेमलाताई, ती जागा आपली होती. मी घेतली, घालवली, आणि वर अहवालात आपल्यालाच दोषी धरलं. माफ करा असं म्हणायला दहा वर्षं आणि पाच पानं लागली. आपण असता तर एका ओळीत म्हणाला असता.

कचरूभाऊंना नमस्कार, चेतनला आशीर्वाद.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. : उल्काने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, खरं लिहायचंच तर पुरतं लिही. राजीनामा मी लिहिला आहे, दिलेला नाही. पाकीट पिशवीत आहे, रोज बाणेरला जाऊन परत येतं. आणि भांडी मी घासतो, पण कढया ती घासते.

ता. क. २ : पत्राचं कारण वर राहून गेलं. मला आपल्या प्रचारात काम द्या. प्रमुख, सल्लागार, समन्वयक असलं काही नको आणि भाषण तर अजिबात नको. जिने चढून घरोघर मतदारांच्या चिठ्ठ्या वाटेन, रक्तदाबाचं मी बघतो. दुसरं म्हणजे, आपल्या विरोधातल्या एका उमेदवाराचा सकाळी मला फोन आला होता. त्यांना एक 'पुरोगामी चेहरा' हवा आहे. मी नेहमीच्या सवयीने 'विचार करून शुक्रवारी सांगतो' म्हणालो होतो. आत्ता पत्र अर्धवट ठेवून उठलो आणि फोन करून नाही म्हणून कळवलं. आपण मला नको म्हणालात तरी त्यांना दिलेलं ते 'नाही' कायम राहील.

ता. क. ३ : एक विचारायचं धाडस करतो. 'ते आपणहून देतील, थांबा', हे आपण मुक्ताईंना म्हणालात तो मला टोमणा होता, की खरंच तसं वाटलं होतं? टोमणा असेल तर मुक्ताईंबरोबर तसं सांगून पाठवा, मी हसून घेईन. खरंच वाटलं असेल, तर मात्र कळवू नका.