शंभराव्या दिवसाचं जाकीट

तेलविहिरीच्या रिगची छावणी, अल्बर्टा, कॅनडा
९ मार्च

डोरीनताईस,

मी बरा आहे. थंडी उणे तीस. खानावळीतल्या माशापेक्षा पुठ्ठा बरा. मोजे पोचले, आईला सांग.

तू गार्लंडला रोज बोलतेस असं आई फोनवर म्हणाली. डोकं उठलं तर माझ्या भावाकडे गोळी मागायला तोंड नव्हतं का, असं. नवरा असला तरी बोलू नकोस ग. तीन बोटं गेलेला माणूस. त्याचं अकॉर्डियन विकलंस म्हणे. बरं केलंस, उगाच डोळ्यांपुढे.

इथे एक नियम आहे. कामावर कुणी आजारी पडून औषध घेतलं की नोंद होते, आणि अख्ख्या टोळीचे बिनचुकीचे दिवस परत शून्यावर. शंभर भरले की प्रत्येकाला नाव विणलेलं जाकीट. आमचे सत्त्याण्णव झाले होते.

आम्ही निघालो तेव्हा विमानतळावर तू गार्लंडच्या अर्धशिशीच्या गोळ्या माझ्या हातात दिल्यास. तो लाजतो म्हणालीस. नागमोडी उजेड दिसला की तेव्हाच दे, डोकं फुटायला लागल्यावर तीच गोळी म्हणजे खडू. मला सगळं पाठ होतं.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो जवळ आला. "क्लाइड, डावीकडे उजेड नाचतोय. दे."

मी म्हणालो, "तीन दिवस काढ की. बायकांसारखं डोकं काय धरतोस?"

पोरं हसली. मग मला चेव आला. तो पुन्हा आला तेव्हा मी नुसता खिसा थोपटून दाखवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला माझं अर्धंच तोंड दिसत होतं, आणि त्याने हातमोज्यांवर ओकून ठेवलं होतं. तरी मी त्याला पाइप जोडायला पाठवला. पाइप आवळणारा लोखंडी चिमटा मिटला तेव्हा त्याचा हात आत होता.

त्याने मागितलीच नाही, हे तुला फोनवर मीच सांगितलं. तो बाजूलाच दवाखान्याच्या खाटेवर होता. ऐकत होता.

मुकादमाने लिहिलं, कामगाराने आजार लपवला, चूक त्याची एकट्याची. म्हणून टोळीचे दिवस मोडले नाहीत. जाकिटं आली. माझं मी रोज घालतो, थंडीच तशी आहे. त्याचं सोबत पाठवतोय. आतल्या खिशात गोळ्यांची पट्टी आहे. एकही फोडलेली नाही.

ज्याच्या हातात दिल्या होत्यास तो,
क्लाइड