बाबांच्या शेतातलं तळं

५ फेब्रुवारी २०१२, रविवार

झालं एकदाचं! तीन रविवार गेले, पण चित्र झालं. माझ्या मैत्रिणीने, गजालाने, पेन ड्राइव्हवर आणून दिलेलं ते फोटो बदलायचं फुकटातलं सॉफ्टवेअर, जिम्प — अर्ध्या बटणांचा अर्थ अजून कळत नाही, त्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, दर पाच मिनिटांनी सेव्ह! आमच्या शेताचा फोटो घेतला, त्यात काटेपूर्णा धरणाचं पाणी कापून बसवलं, कडा पुसून पुसून मऊ केल्या. वर दोन चंद्र. आणि पाण्यातून उडणाऱ्या पंखवाल्या मासोळ्या — पंख बगळ्याचे. सरकारी शेततळ्यासाठी अर्ज केल्यापासून बाबांच्या तोंडी दुसरा विषय नाही. म्हटलं, घ्या तळं!

बाबा कितीतरी वेळ पाहत राहिले. "मासोळ्याले पंख काहून देल्ले वं? उडून जातीन ना सगळ्या!" मग म्हणाले, कागदावर काढून आण.

६ फेब्रुवारी

आमच्या कृषी ऑफिसातल्या रंगीत प्रिंटरवर प्रिंट काढत होते, तर मागे साहेब उभे! शाई उडवते म्हणून आता बोलणार! पण ते चित्रच बघत होते. "पाणी अगदी खरं वाटतं. कसं केलंस?" आणि मी बावळट! एकावर एक लेयर कसे टाकतात, आभाळाचं प्रतिबिंब कसं पाडतात, सगळं फुशारकीनं सांगत बसले.

बाबांनी चित्र बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं. चहा गार होईपर्यंत बघत बसले होते.

९ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, "मासोळ्या काढून टाक. चंद्र काढ, दिवस कर. आणि तुझ्या वडिलांना काठावर उभं कर." कशाला, तर म्हणे प्रेझेंटेशन आहे. तासाभरात झालं. मासोळ्या पुसताना उगाच वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी

आज अकरा फोटो दिले. कोरडी शेतं, प्रत्येकात एक माणूस उन्हात डोळे बारीक करून उभा. "यातही पाणी भर."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! न खोदलेली तळी फाइलीत खोदून दाखवायची आणि अनुदान खिशात घालायचं आहे. म्हटलं, सर, हे बरोबर नाही. ते हसले. "तुझं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंतच आहे ना?" बस, इतकंच. घरात नोकरी माझी एकटीची, हे त्यांना माहीत आहे.

१६ फेब्रुवारी

भरलं पाणी. अकराही शेतांत.

२४ फेब्रुवारी

झालेल्या तळ्यांची यादी टाइप करायला माझ्याकडेच आली. पहिलंच नाव — जानराव तायडे. शेततळे : काम पूर्ण. सोबत माझं चित्र, मासोळ्या पुसलेलं.

आधी वाटलं, वाचण्यात चूक झाली. तीनदा वाचलं. बाबांचंच नाव, आमचाच गट नंबर. एका शेताला तळं एकदाच मिळतं. कागदावर झालं, म्हणजे बाबांना आता खरं तळं कधीच नाही! आणि हे मी केलं. माझ्या हातानं.

बोलू का कुणाजवळ? चित्र माझं, शेत आमचं — सगळ्यांत आधी आम्हीच अडकणार. आणि बाबांना कळलं तर? काका एकदा त्यांच्याशी खोटं बोलले, तर बाबांनी सख्ख्या भावाशी बोलणं तोडलं. बारा वर्षं झाली. माझ्याशी तोडलं तर मी कुठे जाऊ? भीती वाटते. फार भीती वाटते.

२ मार्च

बाबा आज मला शेतात घेऊन गेले. पावलं टाकत टाकत तळ्याची जागा दाखवली — इथून इथपर्यंत. "आपला नंबर कधी लागते वं? तू त ऑफिसातच हायेस." पाहते म्हटलं.

९ मार्च

अमरावतीहून तपासणी येणार! साहेब निर्धास्त होते, फाइली चाळून जातात म्हणे. दुपारी फोन आला — एक शेत प्रत्यक्ष बघणार. यादीतलं पहिलं.

साहेबांचा चेहरा पडला. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "वडिलांना नीट समजावून ठेव. नाहीतर चित्रं कोणी केली, ते मला सांगावं लागेल."

१३ मार्च

चार दिवस झाले, तोंड उघडते आणि मिटते. आज बाबा दाढी करत होते. म्हटलं, बाबा — "काय वं? बरं नाई काय तुले?" डोकं दुखतं म्हटलं. संपलं! उद्या अकराला टीम शेतात. फाइल घेऊन मलाच जायचंय.

१४ मार्च

टीमच्या मॅडमनी फोटो बाबांच्या हातात दिला. "काका, हे तळं कुठे आहे?" आजूबाजूला नुसती ढेकळं. बाबांनी फोटो पाहिला. बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. माझी मान वर होईना.

"होतं मॅडम," बाबा म्हणाले. "मीच बुजवलं. मले नोतं पाह्यजे."

मॅडमनी तसंच लिहून घेतलं. आता अनुदान परत करायची नोटीस बाबांच्या नावावर येईल.

घरी आलो. दारात चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "नोकरी राह्यली ना तुयी?"