उंदरीचा पाहुणा

टिळकवाडी, बेळगाव

चि. तेजस्वीस काकूचे पोटभर आशीर्वाद.

अनगोळच्या घरी सापळ्यात उंदीर सापडला की तू तो गुपचूप परसात सोडून यायचीस आणि मी तुझ्या काकांना ‘मेला’ म्हणून सांगायची, आठवतं? तब्येत कशी आहे? (नुसतं ‘फाइन’ लिहू नकोस. आमच्या शाळेतल्या सिस्टर त्या शब्दाला निम्मेच गुण द्यायच्या.)

गेल्या उंदरीच्या सणाचा प्रकार तुला फोनवर सांगितला नव्हता. शेजारच्या जयाबाईनं विचारलं, पोरगी बंगळूरला करते तरी काय? मी म्हटलं, रक्तातून आलेलं औषध मेंदू दारातूनच परत पाठवतो. म्हणून आमची तेजस्वी उंदराच्या मेंदूत आधी गाठ वाढवते, मग त्याला भूल देऊन कवटीला बारीक भोक पाडते आणि केसाएवढ्या नळीतून थेट गाठीत थेंबथेंब औषध सोडते. जयाबाई म्हणाली, “गाठ हिनंच द्यायची आन् औषधबी हिनंच? त्यापरास सासू बरी गं!”

तिनं ही बातमी उचगावपर्यंत पोचवली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, मी गणपतीच्या उंदराला दाखवायचं उंदरीचं मटण शिजवत असताना, उचगावचे मष्णूअण्णा शेतातला उंदीर सापळ्यात घेऊन दारात. “वैनी, ह्यानं लई बटाटं खाल्ल्यात. डोस्कं जबर हाय. तेजस्वीकडं धाडा.” मी म्हटलं, तिकडे असले रानटी चालत नाहीत. “मग ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. आज मारायचा दिवस न्हवं,” म्हणून ते जेवून गेले. ज्याला नैवेद्य दाखवायचा त्यालाच कोंडायचं कसं? मी सापळ्याचं दार उघडलं. पाहुणा मटण-भाकरी खाऊन काकांच्या कपाटामागे गेला, तो अजून तिथेच आहे. काकांच्या डोक्याच्या स्कॅनची फिल्म त्यानं चारी बाजूंनी कुरतडली, गाठ तेवढी ठेवली. (ती डॉक्टरांनाही काढता आली नव्हती, त्याला काय बोलणार?) सापळा मी लावलेला नाही. घरात कुणीतरी खुडबुडतं, बरं वाटतं.

ता.क. उंदीर हे निमित्त. यंदा उंदरीला ये. काका गेल्यापासून आली नाहीस, तीन वर्षं झाली.

ता.ता.क. शहापूरचा साईराज साड्या घेऊन तिकडे येतोय, त्याच्याकडे पिशवी दिली आहे. कुंद्याचा मोठा डबा तुझ्या सरांना, रजा मागायच्या आधी तोंड गोड करायला. लहान डबा तुला. काकांचा स्वेटरही तुलाच. तुझ्या उंदरांना बाहेरचं चालत नसेल, तर माझ्या वतीनं नुसते हात जोड. मटणाची पहिली वाटी इथल्या पाहुण्याची, दुसरी तुझी. ती दर वर्षी जयाबाई खाते आणि मीठ कमी म्हणून सांगते. कमी असेलच. माझा हात अजून तुझ्या काकांच्या पथ्यातून बाहेर आलेला नाही.

तुझी काकू