बिगर ड्यूटीचा जीव

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायचं म्हटलं की मला तुमच्याशीच भांडावं लागतं. बाकी कोणाची यात चूकच सापडत नाही. घरात कुत्रा आहे. मी हे लिहितोय आणि तो मायच्या साड्यांच्या गठ्ठ्यावर झोपलाय. त्या साड्या आपल्या नाहीत, व्यापाऱ्याच्या आहेत. माय त्यांना घरी बसून टिकल्या लावून देते. गठ्ठा परत जाण्याआधी एकेक साडी उजेडात धरून तिच्यावरचे केस मलाच वेचायचे आहेत. मिलच्या फोल्डिंग खात्यात मी दिवसभर कापड बघतो, डाग शोधतो, तुटका धागा शोधतो, आणि घरी येऊन केस शोधतो. हा कुत्रा राखण करत नाही, भुंकत नाही, समोरून उंदीर गेला तर पाय आखडून त्याला वाट देतो. लोक विचारतात, कशाला पाळला? तुम्हाला विचारायचे तेव्हा तुम्ही ‘आसंच’ म्हणून विडी पेटवायचात आणि विषय संपायचा. मी विडी ओढत नाही. मला उत्तर द्यावं लागतं.

तुमची कुत्री तरी तुम्ही आणलेली होती. पांडेसऱ्याच्या मिलपासून ती तुमच्या सायकलमागं चाळीपर्यंत आली, तुम्ही दार उघडलं आणि ती तुमच्या आधी आत शिरली. अंगानं पांढरी, पण पाय कधीच पांढरे नसायचे. मिलच्या नाल्यातून चालत यायची, त्यामुळे जेटवर, म्हणजे तुमच्या कापड रंगवायच्या मशीनवर, आज कुठला रंग चाललाय ते तुम्ही घरी येण्याआधी तिच्या पायांवरून कळायचं. कधी राणी, कधी मोरपंखी. फरशीवर मोरपंखी पावलं उठायची आणि माय ती पुसत तुमच्या नावानं बोलत राहायची. तुम्ही तिला नावसुद्धा ठेवलं नाही. ‘ओ बाई’ म्हणायचात, की मायही वळून बघायची आणि कुत्रीही, आणि तुम्ही दोघींकडं न बघता हात धुवायचात.

गावाकडं खळ्यावर आपला कुत्रा होता, पण त्याला खळं राखायचं काम होतं. काम होतं म्हणून भाकर होती. एका खोलीत तीन माणसं आणि वर हिला काय राखायचं, हे मायचं म्हणणं मला तेव्हाही पटायचं. त्यात ती व्याली. पुढच्या लाइनीतल्या गुजराती बायांनी घराघरांतून तूप, गूळ, पीठ गोळा केलं आणि चाळमालकाच्या बायकोनं, काकीनं, स्वतः पातेलं घेऊन येऊन कुत्रीपुढं शिरा ठेवला. त्यांच्यात तशी रीत आहे, पण मायला ते कुठं माहीत. ती कितीतरी वेळ त्या शिऱ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली की माझ्या बाळंतपणात मला कोणी चमचाभर विचारला नाही, आणि ही कोण लागून गेली. तुम्ही म्हणालात, मग तू बी खाय ना. आणि मायनं खरंच वाटी आणली, पातेल्यातला अर्धा शिरा काढून घेतला आणि कुत्रीच्या शेजारी बसून खाल्ला. पिल्लं पुढं मिलमधल्या लोकांनी नेली. पण त्या दिवसापासून माय तिला दारातून हाकलेनाशी झाली, एवढं मी पाहिलंय.

मालक काकांचं मात्र वेगळं होतं. चाळ त्यांची, नियम त्यांचे. त्यांनी दारात उभं राहून त्यांच्या अर्ध्या मराठीत सांगितलं होतं की खोलीत जनावर नको, राखणीचा असेल तर वात जुदी, म्हणजे गोष्ट वेगळी. तुम्ही लगेच म्हणालात, राखणीचीच आहे काका. इतक्या सरळ चेहऱ्यानं खोटं बोललात की मी हातातली पाटी खाली ठेवली. आणि मग ते सुरू झालं. काका संध्याकाळी चाळीत चक्कर मारायचे, त्यांच्या चपलांचा चटक-फटक आवाज नळापासून ऐकू यायचा. कुत्री पोत्यावर पसरलेली. तुम्ही हातातला घास ताटात ठेवून उठायचात, मोरीच्या पडद्याआड जायचात आणि भुंकायचात. दोनदा आखूड, मग जरा थांबून एक लांब, आणि शेवटी घशातल्या घशात गुरगुर. माय पदर तोंडात कोंबून चुलीकडं वळायची. काका बाहेरूनच ‘सारुं, सारुं’, म्हणजे छान छान, म्हणायचे आणि पुढं जायचे. तुम्ही येऊन परत जेवायला बसायचात. मला जेवण जायचं नाही. मला वाटायचं आज ना उद्या काका पडदा बाजूला करतील, आणि माझा बाप मोरीत ओणवा होऊन भुंकताना त्यांना दिसेल, आणि आपल्याला सामान उचलून भेस्तानच्या पलीकडं कुठंतरी जावं लागेल.

एकदा तर तुम्हाला खोकला झाला होता आणि भुंकता भुंकता मध्येच ढास लागली. बाहेर काका थांबले. कितीतरी वेळ चपलांचा आवाजच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून अडुळशाची पानं पाठवली, कुत्रीच्या खोकल्यावर म्हणून. मायनं काढा केला आणि तुम्ही कप तोंडाला लावून तो पिऊन टाकलात. कुत्र्याचं औषध माणसाला चालतं का, या काळजीत मी रात्रभर तुमचा श्वास ऐकत पडलो होतो. काकांनी पानं का पाठवली हा विचार काही माझ्या डोक्यात आला नाही.

आणखी एक दिवस सांगतो, म्हणजे तुमच्यावर का चिडतो ते नीट मांडता येईल. तुमच्या शेठनं एक कुत्रा पाळला होता, अल्सेशियन, त्याला प्रदर्शनात कप मिळालेला. दिवाळीची मिठाई घ्यायला तुम्ही मला मिलवर नेलं तेव्हा तो ऑफिससमोर उभा होता. एक माणूस त्याला कंगव्यानं विंचरत होता, दुसरा त्याचे मागचे पाय धरून नीट अंतरावर ठेवत होता, मग त्याचे ओठ वर करून दात बघितले, आणि एवढं सगळं होईपर्यंत त्या कुत्र्यानं मान हलवली नाही. मी घरी आलो तो त्याच नादात. आपल्या कुत्रीला भिंतीशी उभी केली, मायच्या फणीनं विंचरली, शेपूट सरळ राहावी म्हणून खाली पट्टी धरली. ती बसली की उठवायचो, उठली की मान वर करायचो. ती माझ्याकडं न बघता दाराकडं बघत होती. तुम्ही डबल ड्यूटी करून आलात. हात कोपरापर्यंत राणी रंगाचे. तुम्ही माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. मला वाटलं आता पाठीत बसते. मारलं नाहीत. तुम्ही म्हणालात,

“तिले ड्यूटी नको लाऊ. मी ड्यूटी करस, तुनी माय करस, उद्या तू बी करशी. घरमा एक जीव तरी बिगर ड्यूटीना ऱ्हाऊ दे.”

आणि पोत्यावर तिच्या बाजूलाच आडवे झालात, आंघोळसुद्धा न करता. मायनं उशी आणून दिली.

बोलायला हे सोपं आहे आबा. पण आता मीही मिलमध्ये आहे, आणि मला माहीत आहे की न केलेली ड्यूटी हवेत जात नाही. एक माणूस आला नाही तर दुसऱ्याला डबल करावी लागते. कुत्रीची ड्यूटी तुम्ही काढून घेतलीत आणि मग बारा तास जेटवर उभं राहून आल्यावर तिच्या वाटचं भुंकायचं कोणाला लागलं? तुम्हालाच. काविळीनं तुम्ही गेलात तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर ती दारात वगैरे बसली नाही, तुमची वाटही पाहिली नाही. माझ्या अंथरुणात येऊन झोपायला लागली. मी तिला ढकलायचो आणि ती परत यायची. पुढं दोन हिवाळे ती होती, पण काका त्या काळात आमच्या दाराकडं फिरकले नाहीत, चक्कर नळापाशीच संपवायचे. ती गेल्यावर माय म्हणाली, आता बास, या घरात परत कुत्रं नको. मी मनातून हुश्श केलं.

आणि हा कोणी आणला? मायनंच. उधन्याच्या भाजीबाजारातून आली तर मागं हा. म्हणते, मी नाही आणला, तो आला. मी म्हटलं, दार कोणी उघडलं? तर म्हणते, तुझ्या बापाला विचार.

तर आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात चाळीतली पाण्याची मोटर चोरीला गेली. काका आता म्हातारे झालेत, काठी घेऊन चालतात, पण आवाज तोच. त्यांनी मला नळापाशी बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या घरात कुत्रा आहे ना, मग तो काय करत होता? मी म्हटलं, काका, राखणीचाच आहे. माझ्या तोंडातून ते तुमच्यासारखंच सरळ बाहेर पडलं. काका म्हणाले, मग पाटी लाव. माझं अक्षर चांगलं आणि शुद्धलेखन पक्कं म्हणून चाळीतल्या सगळ्या पाट्या मीच लिहितो. मी ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत पाटी लिहिली, ‘राहा’ला काना विसरलो नाही. ती दारावर लावली, आणि संध्याकाळी हा त्या पाटीखाली पाय वर करून झोपला, आणि शेजारची लहान पोरं त्याच्या पोटावर डोकं टेकून पाटी वाचायचा सराव करायला लागली. शेजारीण जाता-येता म्हणते, भाऊ, सावध कोणी राहायचं, आम्ही की त्यानं?

हे काकांपर्यंत गेलंच. त्यांनी निरोप पाठवला की रविवारी दुपारी एक अनोळखी माणूस तुमच्या दारात उभा करतो. कुत्रा भुंकला तर राहील. नाही तर एक तर तो जाईल नाही तर खोली खाली करा. मायला विचारलं तर ती टिकल्या लावत म्हणाली, खोली सोडायची नाही, इथं तुझा बाप राहिला. आणि हा? तर म्हणाली, हा पण जायचा नाही. म्हणजे उरलो मी. आठवडाभर मी कामावरून आलो की त्याला शिकवायला बसत होतो. ताट वाजवलं. घोंगडी पांघरून अंगावर धावून गेलो. शेजारणीच्या नवऱ्याला हेल्मेट घालून दारात उभा केला, तर यानं त्याला आमचीच चप्पल आणून दिली. शनिवारी मी त्याला भिंतीशी उभा करून मान वर धरली, आणि तो माझ्याकडं न बघता दाराकडं बघायला लागला. तेव्हा मी हात काढून घेतला. पट्टी हिसकून घ्यायला तुम्ही नव्हता, मलाच सोडावं लागलं. याचाही मला राग आहे.

रविवारी काका नळापाशी काठी टेकून उभे राहिले. अर्धी चाळ बाहेर. तो अनोळखी माणूस, बहुतेक त्यांच्या ओळखीचा कोणी रिक्षावाला असावा, आमच्या उंबऱ्यात आला आणि मोठ्यानं म्हणाला, कोई है? कुत्र्यानं डोळे उघडले. शेपटी एकदा जमिनीवर आपटली. मग आळस देऊन पोट वर केलं. बाहेर पोरं हसायला लागली. मी मायकडं बघितलं. तिनं सुई साडीत खोचली, उठली, मोरीपाशी गेली आणि पडदा बाजूला धरला. नुसता पडदा धरून उभी.

मी गेलो. दोनदा आखूड, जरा थांबून एक लांब, शेवटी गुरगुर. क्रम मी चुकवला नाही.

बाहेरचं हसणं थांबलं. तो माणूस मागं सरला असावा, मला आतून दिसलं नाही. मग काठीचा आवाज जवळ आला, उंबऱ्यात आला, थांबला. काका आत आले नाहीत आणि पडद्यालाही हात लावला नाही. तिथूनच म्हणाले,

“दीकरा, तुझा बाप याच्यापेक्षा सारुं भुंकायचा.”

मग मायला म्हणाले, कडी नीट लावत जा बेन, आणि काठी टेकत गेले. पाटी काढू नको असंही बाहेरून सांगितलं. कुत्रा राहिला, खोली राहिली. माय परत टिकल्या लावायला बसली आणि तिचे खांदे हलत होते, हसत होती की काय ते मी विचारलं नाही. मी मोरीतच बसून राहिलो, ओल्या फरशीवर. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आणि तुम्हालाही माहीत असणार की त्यांना माहीत आहे; अडुळशाचा काढा तुम्ही इतक्या निवांत प्यालात तो उगाच नाही. रोज जेवण न जाणारा मी एकटाच होतो. एकदा सांगायचं होतं, आबा. लहान होतो, पण एकदा सांगायचं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. घडी करून पाटीच्या मागं खोचतो, तिथं कोणी हात घालत नाही.

एक गोष्ट मायलाही माहीत नाही. तुमचा बोलायचा आवाज मला आठवत नाही. कधी गेला ते कळलंच नाही. ड्यूटीचं ते वाक्य शब्दन् शब्द पाठ आहे, पण मनात ते माझ्याच आवाजात येतं. भुंकणं तेवढं तुमच्या आवाजात राहिलं होतं, आणि काकांचं खरं मानलं तर तेही मी नीट ठेवलेलं नाही. म्हणून आज माय नळावर गेली तेव्हा मी दार लावून पुन्हा एकदा करून बघितलं, जरा खालच्या पट्टीत, छातीतून. कुत्र्यानं मान वर केली आणि माझ्याकडं नाही, दाराकडं बघितलं.