कास्काझीतली सफर

मोंबासा, २० जानेवारी

अथमानभाई,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की कोमोरोस बेटांची सफर बाबांनीच नको म्हटली. ते खोटं आहे. नको मी म्हटलं. हे पत्र मस्कतला टाकायचा धीर मला होईल असं वाटत नाही.

गेल्या फेब्रुवारीची तिकिटं हातात होती. शिडाच्या जहाजावर असताना बाबा ज्या बंदरांत राहिले, ती त्यांना आईला दाखवायची होती. मी मात्र वाचून वहीत उतरवलं होतं की त्या महिन्यांत कोमोरोसकडे वादळं येतात. बाबा हसले. "उत्तरेचा कास्काझी वारा सुटला की आम्ही निघायचो, आणि तू मला वहीतलं वादळ दाखवतेस?" मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणाले, "बरं बाई. घरात शिकलेली तू एकटीच. तू म्हणशील तेव्हा."

मी ऑक्टोबर म्हटलं. फेब्रुवारीतलं जहाज सुखरूप जाऊन आलं. बाबा आठ ऑक्टोबरला गेले, आमच्या सफरीला बारा दिवस राहिले असताना.

आई इद्दतीत आहे. नवरा गेल्यावर चंद्राच्या हिशेबाने चार महिने दहा दिवस उंबरठा ओलांडायचा नाही. काल तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ती बंदरं बघायचीत. आणि आता महिना मी ठरवणार."

मी पुन्हा वादळाचं काढलंच.

"आलं तर तुझी वही दाखव त्याला. घाबरून परत जाईल."

मला अजून भीती वाटते. पण इद्दत तेरा फेब्रुवारीला संपते, आणि आम्ही दोघी सतरा फेब्रुवारीला जहाजावर चढणार आहोत.

तुझी धाकटी बहीण,
म्वानाकोंबो