देल्फिनाची मुरड

प्रिय आई,

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथे ब्वेनोस आयरेसला, स्टेशनामागे एका कुटुंबाची छोटी खानावळ सापडली. खिमा भरलेली एम्पानादा मागवली, तर कडेची मुरड हुबेहूब तुझी, शेवटचं टोक आत दुमडलेलं.

विचारलं तर मालकीण एउलोखिया म्हणाली, "तुकुमानच्या देल्फिनानं शिकवली. सारणात बटाटा घातला की माझ्यावरच खेकसायची, कार्टी!"

मी म्हटलं, "रागावून घर सोडून गेलेली माझी ताई ती. कुठे आहे?"

बाईंनी हात पुसले, मला खुर्चीवर बसवलं. ताई हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली, आई. ही माणसं शेवटपर्यंत उशाशी होती.

दर रविवारी तू तिचं ताट मांडतेस. या रविवारीही मांड. तिच्या मुरडीच्या एम्पानादा घेऊन येतोय.

तुझाच,
रामिरो