केबलच्या मापाचा कोट

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून वळत नाही, तेव्हा निम्मा मनातल्या मनात धरून घे.) तुझी दाढ काढली का? काढली असेल तर दाजींना आता तुझं बोलणं पुन्हा पहिल्यासारखं ऐकावं लागत असेल. त्यांनाही माझा नमस्कार, जरा जास्तच आपुलकीने.

पोर परदेशी गेल्यापासून आमचं कसं चाललंय, असं तू विचारलंस. माझं सोड, पण तुझ्या भावजयीला मानलं बुवा! विमानतळावर मी सर्दीचं निमित्त करून रुमाल भिजवला, आणि ही बाई तिथल्या शिपायाला त्याच्या गणवेशाची कॉलर कुठे चुकलीय ते समजावत होती. घरी येताच हिने फोन शिलाई मशीनशेजारी बटणांच्या डब्याला टेकवून उभा केला. तेव्हापासून पोर रोज तिकडे भाजी चिरता चिरता आमच्या दुकानात हजर असते. गिऱ्हाइकंही मला सोडून तिलाच विचारतात, बाही आखूड वाटते का गं? ती हो म्हणाली की मी उसवायला बसतो. (आयुष्यभर शिंपीकाम केलं, आणि आता मालकीण समुद्रापलीकडे!)

मग तिकडे थंडी पडली. हिने फर्मान काढलं की शिंप्याच्या पोरीने विकतचा कोट घालायचा नाही. मी म्हटलं, माप कसं घेणार? तिच्याकडे टेप नाही. (हे मात्र बाहेर बोलू नकोस, धंद्याची अब्रू आहे.) मायलेकींनी तोड काढली. पोरीने चार्जरची केबल अंगाला लावून सांगायचं, छाती म्हणजे पाऊण केबल आणि वर चार बोटं, आणि हिने इथे आमच्या केबलला टेप लावून मला आकडे द्यायचे. फोनवर पोरीचं नुसतं तोंड दिसतं, त्यामुळे आकडे ऐकून मला वाटलं, चांगली भरलीय की अंगाने! खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. कापड कापलं, दुहेरी अस्तर लावलं, अगदी मन लावून शिवला. पार्सल गेल्यावर आठवलं की आमची केबल मी पलंगावर लोळत बोलता यावं म्हणून मुद्दाम लांब आणलेली!

पोरीने फोन लांब उभा करून कोट घालून दाखवला. बाह्यांतून बोटं दिसेनात, खांदे कोपरांच्या भेटीला निघालेले, आणि खोलीतली मैत्रीण आत शिरली असती तरी बटणं लागली असती. माझ्या तोंडून अरे देवा निघणार, तोच पोर म्हणते, बाबा, अगदी मापात! आणि ही शेजारून म्हणते, कुठे म्हणजे कुठे ढगळ नाही. दोघींच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. काय बायका आहेत गं आपल्या घरात!

मागच्या आठवड्यात पोरीने विचारलं की ऑफिसवाले इथेच कायमचं ठेवून घेतो म्हणताहेत, राहू की परत येऊ? ही काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, राहा की, कोट अजून नवा आहे. एवढंच. मग संध्याकाळपर्यंत पांढऱ्या सदऱ्याला काळ्या दोऱ्याने काजं करत बसली. मी ती काजं उसवून पुन्हा पांढरी केली.

तुझा धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. पोरीचा आमच्यावर विश्वास बसलेला नाही, म्हणून रविवारी ती तुला फोन करून विचारणार आहे. तुझा शब्द ती मोडत नाही. तू तिला राहा म्हण. ठणकावून म्हण. मी म्हणायला गेलो की आवाज कापतो.

आणखी एक ता. क. अक्का, मी तुमची भावजय. आमचे हे पाकीट आणायला गेलेत, तेवढ्यात लिहितेय. केबल लांब आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. वाटलं, ढगळ झाला की लहान करून घ्यायला म्हणून तरी पोर एकदा घरी येईल. तर ती म्हणते, मापात! माझीच ना ती. तेव्हा राहा असंच सांगा तिला. फक्त कोट तेवढा ढगळ दिसतो, हेही कानावर घाला. माझ्याच्याने आता म्हणवत नाही.